भाकीत आणि अंदाज : हवामानशास्त्रातील एका शब्दभेदाचा इतिहास

पाऊस केव्हा पडेल हे आधी सांगण्याची धडपड फार जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त मेघांच्या गर्भधारणेची लक्षणे दिलेली असून, गर्भ राहिल्यापासून १९५ दिवसांनी वृष्टी होते असा हिशेब मांडला आहे. जो दैवज्ञ रात्रंदिवस या लक्षणांवर चित्त ठेवतो, त्याची पर्जन्याविषयीची वाणी मुनीच्या वाणीप्रमाणे मिथ्या होत नाही, असेही तेथे म्हटले आहे. निरीक्षणाचा हा आग्रह ध्यानात घेण्याजोगा आहे. परंतु सांगणाऱ्याच्या वाणीला चुकण्याची मुभा त्यात नाही. आधुनिक हवामानशास्त्राला जी गोष्ट सर्वांत जड गेली, ती हीच होय : चुकू शकणाऱ्या विधानाला प्रतिष्ठा मिळवून देणे.

या इतिहासाची पहिली पायरी नामकरणाची आहे. लंडनमधील रसायनांचा व्यावसायिक ल्यूक हॉवर्ड याने डिसेंबर १८०२ मध्ये एका छोट्या विद्वन्मंडळापुढे मेघांच्या रूपांतरांवर निबंध वाचला. केसांच्या बटेसारखा तो 'सिरस', राशीसारखा तो 'क्युम्युलस', थरासारखा तो 'स्ट्रेटस' आणि पाऊस देणारा तो 'निंबस', अशी नावे त्याने लॅटिनमधून घेतली. त्याच वर्षी लामार्कनेही मेघांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले होते. पण त्याची फ्रेंच नावे रुजली नाहीत. हॉवर्डची नावे युरोपातील सर्व विद्वानांना समजणारी होती, एवढेच त्यांचे वैशिष्ट्य नव्हे. ती परस्परांशी जोडता येत, त्यामुळे एका रूपातून दुसऱ्या रूपात जाणारा मेघही नावात पकडता येई. मराठी शास्त्रीय लेखनातील 'राशिमेघ', 'स्तरमेघ' ही नावे याच परंपरेतील होत.

ही दृष्टी मेघांच्या स्वरूपाला धरूनच होती. बाष्पयुक्त हवा वर चढू लागली की तिच्यावरील दाब घटतो. ती प्रसरण पावते आणि निवते. संपृक्त होईपर्यंत दर किलोमीटरला तिचे तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने उतरते. ते दवबिंदूच्या खाली गेले की धूळ, धूर आणि सागरी मीठ यांच्या सूक्ष्म कणांभोवती बाष्प साकळते व मेघ दिसू लागतो. राशिमेघाचा तळ सपाट असतो, तो याच मर्यादेमुळे. पावसाचा एक थेंब होण्यास असे सुमारे दहा लाख मेघबिंदू एकत्र यावे लागतात. म्हणजे मेघ ही वस्तू नसून चालू असलेली घडामोड आहे. पुष्कळदा एखादा राशिमेघ तासाभरात उत्पन्न होतो व विरतोही. कोणत्या गावावर तो बरसेल हे निश्चित सांगणे अवघड असते, याचे एक मूळ या अल्पायुष्यात आहे.

दुसरी पायरी तारायंत्राची. दूरची निरीक्षणे वादळाच्या आधी एका ठिकाणी पोचू लागल्यावर पुढची हवा सांगणे शक्य झाले. ब्रिटनमध्ये १८५४ साली स्थापन झालेल्या हवामान विभागाचा प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय हा पूर्वी डार्विनला नेणाऱ्या 'बीगल' जहाजाचा कप्तान होता. ऑक्टोबर १८५९ मध्ये 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटून चारशेंहून अधिक माणसे बुडाली. त्यानंतर फिट्झरॉयने फेब्रुवारी १८६१ पासून बंदरांना वादळाच्या सूचना आणि ऑगस्टपासून 'टाइम्स'मध्ये दैनिक अंदाज देण्यास प्रारंभ केला. या विधानांसाठी त्याने 'फोरकास्ट' हा शब्द विचारपूर्वक योजला; ही भाकिते नव्हेत, असे त्याने १८६३ च्या आपल्या ग्रंथात स्पष्ट केले.

वाचकांनी मात्र हा भेद मानला नाही. अंदाज चुकला की थट्टा होई. शास्त्रज्ञांनाही त्यामागील सिद्धांत अपुरा वाटे. ३० एप्रिल १८६५ रोजी फिट्झरॉयने आत्महत्या केली. कर्ज, ढासळलेली प्रकृती व नैराश्य यांचाही त्यात वाटा असल्यामुळे सारा दोष टीकेवर ठेवणे न्याय्य होणार नाही. १८६६ मध्ये चौकशी समितीच्या अहवालानंतर अंदाज आणि सूचना दोन्ही थांबल्या. वादळाच्या सूचना १८६७ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. दैनिक अंदाज १८७९ पर्यंत बंदच राहिले.

भारतात १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि पाठोपाठचे दुष्काळ यांनंतर १८७५ साली हवामान खाते स्थापन झाले. त्याचा प्रमुख एच. एफ. ब्लॅनफर्ड याने हिमालयातील बर्फाच्या प्रमाणावरून १८८२ पासून मोसमी पावसाचे प्रायोगिक आणि १८८६ पासून नियमित अंदाज दिले. १९०४ ते १९२४ या काळात खात्याची धुरा वाहणाऱ्या गिल्बर्ट वॉकरला तर ऋतूच्या बाबतीत 'फोरकास्ट' हा शब्दही अधिक निश्चयाचा वाटला. त्याऐवजी त्याने पूर्वछाया सुचविणारा 'फोरशॅडोइंग' हा शब्द वापरला. १९२८ मध्ये खात्याचे मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्यास आले. १९४४ मध्ये ते दिल्लीस गेले, तरी पुण्यातील चौकाला 'शिमला ऑफिस' हे नाव चिकटून राहिले.

मराठीने या व्यवहारासाठी 'अंदाज' हा फारसी शब्द स्वीकारला. 'भाकीत' या शब्दाशेजारी 'भाक', म्हणजे दिलेले वचन, उभे आहे. उलट फारसीत 'अंदाख्तन' म्हणजे फेकणे आणि 'अंदाज' हे त्याचेच धातुरूप. इंग्रजी 'कास्ट'चा मूळ अर्थही फेकणे असाच असून पुढे त्याला हिशेब करण्याचा अर्थ आला. दोन्ही भाषांत कल्पनेचा मार्ग सारखाच दिसतो. नेम धरून टाकलेला खडा चुकू शकतो, तरी त्यामागे हिशेब असतो. वचन चुकले तर तो भंग ठरतो. आज हवामान खाते मोसमी पावसाचा अंदाज सरासरीच्या टक्केवारीत देते आणि त्याबरोबर चुकीची मर्यादाही सांगते. फिट्झरॉयला एका शब्दातून जे पटवून देता आले नाही, ते आता आकड्यांनिशी मांडले जाते. मात्र पेरणीनंतर पाऊस दडी मारतो, तेव्हा शेतकऱ्याने अंदाज ऐकलेला असतो तो वचन म्हणूनच. हा भेद शास्त्राने मानला; लोकव्यवहारात तो अजून रुजावयाचा आहे.