केसांचा रंग निवडताना: पांढरे केस झाका, पण पाकीट वाचून

पांढरे केस झाकण्यासाठी कलप किंवा हेअर कलर विकत घेताना बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात: किंमत आणि पाकिटावरच्या केसांचा फोटो. तिसरी गोष्ट पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते, ती म्हणजे रंगात काय आहे. पुढे कधी अ‍ॅलर्जी झाली तर तिचे कारण बहुधा याच यादीत सापडते. रंग लावूच नका, असे या लेखात सांगायचे नाही. आपल्याला कोणता रंग मानवेल, हे लावण्याआधी कसे ठरवायचे ते इथे पाहू.

केस पांढरे का होतात?

केसाच्या मुळाशी मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात. वय वाढते तसा या पेशींचा साठा संपत जातो आणि नवा केस रंगाशिवाय उगवतो. हे कोणत्या वयात सुरू होणार ते बरेचसे आनुवंशिक असते. वडिलांचे किंवा आईचे केस तिशीत पिकले असतील, तर तुमचेही लवकर पिकण्याची शक्यता जास्त. एक पांढरा केस उपटला की त्याच्या जागी दहा येतात, ही समजूत चुकीची आहे. मात्र वारंवार उपटल्याने मुळाला इजा होते.

आपल्याकडे पंचविशीच्या आत केस पांढरे होऊ लागले, तर त्याला अकाली पिकणे म्हणतात. अशा वेळी रंग घेण्याआधी रक्त तपासून घ्या. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा आजार आणि शरीरातील लोहाची कमतरता यांचा याच्याशी संबंध असू शकतो. पूर्ण शाकाहारी लोकांत ब-१२ कमी असणे नेहमीचे आहे. धूम्रपानाचाही अकाली पिकण्याशी संबंध आढळतो.

रंगांचे प्रकार

- तात्पुरता रंग: काडी, पावडर किंवा मस्कारासारखा. केसाच्या वरच्या थरावर बसतो आणि एका धुण्यात जातो. कल्ल्यांवर किंवा भांगात चार-पाच केस पांढरे असतील तर एवढे पुरते.
- अर्ध-टिकाऊ रंग: काही धुण्यांपर्यंत टिकतो. थोडे पांढरे केस मिसळून जातात, पण जास्त असतील तर पूर्ण झाकले जात नाहीत.
- टिकाऊ रंग: दोन नळ्या किंवा दोन पुड्या मिसळून लावायचा. अमोनियासारखा अल्कधर्मी घटक केसाचे बाहेरचे खवले उघडतो. आत शिरलेल्या रसायनाचा हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग होऊन रंग केसातच तयार होतो, म्हणून तो धुतला जात नाही. पांढरे केस पूर्ण झाकतो तो हाच, आणि अ‍ॅलर्जीचा धोकाही याच प्रकारात जास्त.
- मेंदी: मेंदीच्या पानातला रंग केसाच्या प्रथिनाला चिकटतो. पांढरा केस नारिंगी-तांबडा होतो, काळा होत नाही.

पीपीडी म्हणजे काय?

टिकाऊ काळ्या आणि तपकिरी रंगांमध्ये बहुधा पॅरा-फेनिलीनडायअमीन हे रसायन असते. त्याला थोडक्यात पीपीडी म्हणतात. पाकिटावर ते इंग्रजी अक्षरांत छापलेले असते.

आम्हा रसायनीकरांना हे कुळ अनोळखी नाही. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीच्या इथल्या कारखान्यात नायट्रोबेंझिन आणि अ‍ॅनिलीन तयार होत असे. रंग, औषधे आणि रबर उद्योगांना लागणारा हा कच्चा माल. २०१७ साली तो कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला. पीपीडी हे या अ‍ॅनिलीनच्याच कुळातले रसायन. १९०७ साली पॅरिसमध्ये युजीन श्युएलर या रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम केसांचा रंग बनवून विकायला सुरुवात केली आणि त्यातूनच पुढे लॉरेआल कंपनी उभी राहिली.

पाताळगंगा औद्योगिक वसाहतीत ड्युटी करणारा माणूस कारखान्यात अशा रसायनाला हातमोज्यांशिवाय हात लावत नाही. तोच माणूस रविवारी अंगणात बसून उघड्या हाताने कलप कालवतो आणि डोक्याला, मिशीला चोळतो. पाकिटात हातमोजे दिलेले असतात, ते याच कारणासाठी.

साधारणपणे रंग जितका गडद, तितके त्यात पीपीडीचे प्रमाण जास्त. म्हणून छटा निवडणे हा केवळ आवडीचा प्रश्न राहत नाही. युरोपीय संघात केसांवर लागणाऱ्या मिश्रणात पीपीडी २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

'अमोनिया नाही' आणि 'हर्बल' यांचा अर्थ

अमोनिया नसलेल्या रंगाचा वास कमी येतो आणि डोळे कमी चुरचुरतात. पण त्यात अमोनियाच्या जागी दुसरा अल्कधर्मी घटक घातलेला असतो. पीपीडी असायचे ते असतेच. 'अमोनिया-फ्री' म्हणजे 'अ‍ॅलर्जी-फ्री' नव्हे.

'काळी मेंदी' या नावाने तर अनेकांची फसगत होते. मेंदीची पूड हिरवट असते आणि तिचा रंग चढायला तास-दोन तास लागतात. जी मेंदी अर्ध्या तासात केस काळेभोर करते, तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी मिसळलेले असते. 'मी तर फक्त मेंदी लावते, डाय नाही,' असे सांगणाऱ्या ताईंनी आणि काकूंनी पाकीट एकदा उलटून वाचावे. हातावर काढायच्या काळ्या मेंदीचेही तेच. लग्नात किंवा जत्रेत लहान मुलाच्या हातावर ती काढली, तर शरीराला पीपीडीची ओळख तेव्हाच होते आणि तिशीत पहिल्यांदा कलप लावताना जोराची अ‍ॅलर्जी येऊ शकते.

खरोखर वनस्पतीचाच रंग हवा असेल तर आधी शुद्ध मेंदी लावून धुवा आणि मग निळीच्या पानांच्या पुडीचा लेप लावा. दोन्ही मिळून गडद तपकिरी ते काळा रंग येतो. वेळ जास्त लागतो. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी भिजवण्याची घरोघरची पद्धतही चालेल. तिने छटा थोडी गडद होते, इतकेच.

छटा कशी निवडावी?

- एकदम काळा घेऊ नका. आपल्या मूळ रंगापेक्षा एक पायरी फिका, म्हणजे गडद तपकिरी घ्या. चेहऱ्याला तो अधिक नैसर्गिक दिसतो आणि मुळाशी नवे पांढरे केस आले की काळ्याइतका ठळक फरक दिसत नाही.
- पाकिटावरचे अंक बघा. १ म्हणजे काळा. अंक वाढतो तसा रंग फिका होतो. ३ आणि ४ हे तपकिरी रंग आपल्याकडच्या बहुतेकांना शोभतात. कंपनीनुसार थोडा फरक पडतो.
- केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणून दर वेळी सगळ्या केसांना रंग लावायची गरज नाही. चार ते सहा आठवड्यांनी फक्त मुळांना लावा. केस कमी कोरडे होतात आणि रसायनही कमी लागते.
- न रंगवणे हाही पर्याय आहे. पांढरे केस हा आजार नाही.

पॅच टेस्ट कशी करावी?

डाय असलेल्या पाकिटावर त्वचेच्या चाचणीची सूचना आणि भुवया-पापण्यांना लावू नये असा इशारा छापलेला असतो. तो वाचा आणि पाळा.

१. रंगाच्या दोन दिवस आधी थोडेसे मिश्रण पाकिटावर सांगितल्याप्रमाणे तयार करा.
२. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी लावा. सांगितलेला वेळ ठेवून धुवा.
३. ४८ तास वाट पाहा. खाज, लाली, सूज किंवा फोड आला तर तो रंग वापरू नका.

दहा वर्षे तोच कलप लावतोय, मग आता चाचणी कशाला, असे अनेक जण विचारतात. अ‍ॅलर्जी पहिल्याच वेळी येते असे नाही. वर्षानुवर्षे मानवलेला रंग एके दिवशी अचानक मानवत नाही. एकदा अ‍ॅलर्जी झाली की ती सहसा जन्मभर राहते. म्हणून चाचणी दर वेळी करा. ज्यांना पूर्वी त्रास झाला आहे त्यांनी मात्र घरी चाचणी करू नये. त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

घरचे लग्न किंवा गणपती असेल, तर आदल्या रात्री नवा रंग लावू नका. त्रास झालाच तर तो २४ ते ७२ तासांनी, म्हणजे ऐन कार्यात दिसतो.

लावताना एवढे पाळा

- टाळूवर जखम, फोड, नायटा किंवा खरूज असेल तर थांबा.
- कपाळाच्या कडेला, कानांना व्हॅसलिन लावा.
- सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका. 'अजून पंधरा मिनिटे राहू दे' याने केस अधिक काळे होत नाहीत, त्वचा मात्र पोळते.
- दाढी-मिशीची त्वचा नाजूक असते. सलूनमध्ये दाढी करून लगेच कलप लावून घेऊ नका.

गरोदरपणात त्वचेतून रंग फार कमी शोषला जातो, तरीही पहिले तीन महिने टाळणे बरे. कर्करोगाबद्दलही विचारणा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्वतःच्या केसांना रंग लावण्याने कर्करोग होतो असे म्हणण्याइतका पुरावा नसल्याचे नोंदवले आहे. रोज हे काम करणाऱ्या केशकर्तनकारांच्या व्यवसायाला मात्र 'बहुधा धोकादायक' या गटात ठेवले आहे. सलूनमधल्या दादांनी आणि पार्लरमधल्या ताईंनी हातमोजे वापरलेच पाहिजेत.

कलप पोटात गेला तर

काळा कलप पोटात जाणे जिवावर बेतू शकते. काही तासांत चेहरा, जीभ आणि गळा सुजून श्वास कोंडतो. नंतर स्नायू झिजून लघवी कोकसारखी गडद होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. यावर उतारा असे औषध नाही. लवकर मिळालेले उपचारच जीव वाचवतात. उलटी करवू नका, मिठाचे पाणी पाजू नका. १०८ वर फोन करा आणि लक्षणे नसली तरी थेट मोठ्या रुग्णालयात न्या. सोबत पाकीट घ्या. कलप मुलांच्या हाताला लागेल अशा जागी, खाऊच्या डब्यांजवळ ठेवू नका. घरात कुणी खचलेले असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल, तर कलप कुलपात ठेवा, त्याच्याशी बोला आणि टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मदत घ्या.

डॉक्टरांकडे कधी जावे?

रंग लावल्यावर टाळू, कपाळ, कान किंवा मानेला खाज आणि लाली आली, तर भरपूर पाण्याने आणि सौम्य शाम्पूने धुवा आणि दवाखान्यात या. डोळे सुजून बंद झाले, फोड आले किंवा त्यातून पाणी वाहू लागले तर त्याच दिवशी या. ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. दुकानातून स्टिरॉइडचे मलम आणून परस्पर चेहऱ्याला लावू नका.

येताना रंगाचे पाकीट घेऊन या. कोणत्या घटकाने त्रास झाला असावा याचा अंदाज त्यावरूनच येतो, आणि पुढे कोणता रंग चालेल हे सांगता येते.