कपाशीच्या मुलखातील निवृत्तिवेतन

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील उंद्री आणि तिच्या शेजारचा खामगाव परिसर हा कपाशीचा मुलूख असून, तेथील खासगी उद्योग म्हणजे मुख्यतः जिनिंग-प्रेसिंग, अर्थात सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधण्याचे हंगामी काम. 1952 च्या कायद्याने खासगी उद्योगांतील कामगाराला भविष्य निर्वाह निधी मिळाला, तरी ती एकरकमी पुंजी होती. 1971 च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेने, कामगार नोकरीत असताना दगावल्यास, त्याच्या विधवेला दरमहा आधार दिला, मात्र खुद्द म्हाताऱ्या कामगाराला दरमहा काही मिळण्यास 16 नोव्हेंबर 1995 उजाडावा लागला. त्या दिवसापासूनच्या योजनेत मालकाच्या वर्गणीतून वेतनाचा 8.33 टक्के भाग निवृत्तिवेतन निधीत जातो, आणि किमान दहा वर्षे सेवा झालेल्यास अठ्ठावन्नाव्या वर्षी, सरासरी वेतनाला सेवावर्षांनी गुणून सत्तरने भागले असता येणारी रक्कम दरमहा मिळते. म्हणजे 15,000 रुपये वेतन व 14 वर्षे सेवा असल्यास 3,000 रुपये. हंगामी कामगाराचे काही महिनेही पूर्ण वर्ष धरले जातात, ही तरतूद जिनिंगवाल्यांच्या दृष्टीने मोलाची, परंतु महागाईभत्ता नसल्याने मूळ रक्कमच तोकडी पडते. 2014 मध्ये किमान निवृत्तिवेतन 1,000 रुपये ठरले. पुढे ते 7,500 करावे यासाठी निवृत्तांनी बुलढाण्यातच दीर्घ साखळी उपोषण चालवले.