निसर्गाच्या नावाने

एकाने राबावे आणि दुसऱ्याने खावे हा निसर्गाचाच नियम आहे, असे मी शाळेत ऐकले. माझा बाप तेव्हा परक्याच्या खाचरात राबत होता. माझ्याजवळ उत्तर नव्हते. घरातला पहिला पदवीधर होऊन आज मी पालघरला कॉलेजात शिकवतो. परवा बोईसरच्या एका विद्यार्थ्याने तोच नियम मला ऐकवला. त्याचा बाप तारापूरच्या कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. तेव्हा या नियमाचा इतिहास तपासलाच पाहिजे.

१८६४ साली हर्बर्ट स्पेन्सरने 'लायक असेल तो टिकेल' हे सूत्र मांडले आणि वरच्यांना आपल्या वरचढपणासाठी शास्त्राचा आधार सापडला. पण शास्त्र तिथे थांबले नाही. १९७३ साली जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी प्राण्यांच्या झुंजींना गेम थिअरी, म्हणजे डावपेचांचे गणित, लावले. कोणताही डाव मुळातच श्रेष्ठ नसतो; बाकीचे काय करतात यावर त्याचा लाभ ठरतो, हे त्यांनी दाखवले. १९८१ साली बर्नार्ड आणि सिब्ली यांनी हा विचार चिमण्यांच्या चरण्याला लावला. थव्यात काही चिमण्या दाणा शोधतात, काही दुसरीने शोधलेल्या दाण्यावर टपतात. आयतखाऊ थोडे असतात तोवर त्यांची चंगळ. ते वाढले की शोधणार कोण?

सातपाटीला बोंबील वाळत घालतात तिथे कावळे पाहावेत. एक मासळी पळवतो, दुसरा त्याच्याकडून हिसकावतो. पण हिसकावण्याचा हक्क कोणी जन्माने घेऊन येत नाही.

२००० साली मॉटली आणि जिराल्डो यांनी ठिपकेदार मुनियांवर प्रयोग केला. ही मुनिया आपल्याकडेही दिसते. पिंजऱ्याच्या एका बाजूला दोरी ओढली की दाणा पडे. दुसऱ्या बाजूला दोरीच नव्हती, नुसता वाटा होता. पक्ष्यांना बाजू बदलता येत होती. दोन्हीकडे सारखाच लाभ होईल अशा प्रमाणाकडे थवा सरकत गेला.

जात म्हणजे ही मधली वाट कायमची बंद करणे. दोरी ओढणाऱ्याचा मुलगा दोरीच ओढणार. हे निसर्गाने केले नाही, माणसाने केले आणि त्यावर धर्माचा शिक्का मारला.

पक्ष्यांकडून न्याय शिकायचा नसतो, हे मला मान्य आहे. पक्षी एकमेकांना शब्द देऊ शकत नाहीत, संप करू शकत नाहीत. आमच्या जिल्ह्यातल्या माणसांनी ते केले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वारली जमीनदाराचा लग्नगडी होई आणि आयुष्यभर वेठ करी. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेबरोबर डहाणू-उंबरगावचा वारली उठला. जमीनदारांच्या दराने गवत कापायचे त्याने नाकारले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड पडला. तरी माणसे मोडली नाहीत.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच म्हणालो : पोरा, निसर्गात आयतखाऊ आहेत, पण सावकार नाहीत. निसर्गाचे नाव कोण घेतो आणि त्याच्या ताटात काय आहे, ते आधी बघ.