आधी पेशी वाढू द्यायची

आपल्या महाड-पोलादपूरकडे भात पोटरीला आलं की नवे फुटवे थांबतात; रोपाची कमाई आता दाण्यात जाते. इन्सुलिनच्या इतिहासात हाच पेच आपल्याला भेटतो.

मधुमेह्यांसाठीचं इन्सुलिन पूर्वी डुकरं-गायींच्या स्वादुपिंडातून काढत. 1978 साली कॅलिफोर्नियात ई. कोलाय या जिवाणूकडून मानवी इन्सुलिन करवून घेतलं गेलं, 1982 मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. पण जिवाणूकडून एकच प्रथिन अतोनात करवून घेतलं, की त्याची रायबोसोमं, म्हणजे प्रथिनं विणणारे मागच म्हणा, तिकडेच गुंततात. स्वतःच्या प्रथिनांना ती कमी पडतात, वाढ मंदावते. वर त्या प्रथिनाच्या पेशीतच गुठळ्या होतात. त्या विरघळवून रेणूची पुन्हा नीट घडी घालायची, हे काम वेगळंच. आणि एखादी पेशी घातलेलं जनुक टाकून मोकळी झाली, तर तीच भराभर वाढते, टाकीत तिचंच राज्य!

म्हणून जनुकाला कळ बसवली: आधी पेशी वाढवायच्या, मगच कळ दाबायची. 2003 साली मुंबईच्या वोक्हार्टने ‘वोसुलिन’ आणलं, भारतात बनलेलं असं पहिलं इन्सुलिन. ते हान्सेनुला नावाच्या यीस्टमधलं. या यीस्टमध्ये वापरली जाणारी कळ अन्नाचीच: भरपूर ग्लुकोज आहे तोवर जनुक गप्प.