दाराशी विचारलेले प्रश्न

काही वर्षांपूर्वी किन्हवलीच्या बाजूला एका कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही सराव मुलाखती घेतल्या. बारावी विज्ञानाची वीसेक मुले होती. टेबलाच्या एका बाजूला आम्ही तिघे, दुसऱ्या बाजूला एक लाकडी खुर्ची. डॉक्टर व्हायचे म्हणणाऱ्यांना आम्ही ठरलेले प्रश्न विचारले. डॉक्टरच का व्हायचे? फावल्या वेळात काय करता? अलीकडे कोणते पुस्तक वाचले? डोळखांबच्या पलीकडच्या एका पाड्यावरून येणारी मुलगी पहिल्या प्रश्नाला नुसती खाली बघत राहिली. दुसऱ्याला ‘काही नाही’ म्हणाली. आम्ही तिला दहापैकी दोन गुण दिले.

मुलाखती आटोपल्यावर व्हरांड्यात चहा चालला होता. तीच मुलगी तिथल्या बाईंना सांगत होती, की लावणीच्या दिवसांत तिच्या चुलत्याला साप चावला तेव्हा त्याला डोली करून रस्त्यापर्यंत कसे आणले, जीप मिळेपर्यंत किती वेळ गेला, पाय कुठवर सुजला होता. जखमेवर चिरा मारायला माणसे निघाली होती, ते तिने करू दिले नाही. वर दोरीही आवळू दिली नाही. हे तिला कोणी शिकवले? तर आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी. फावल्या वेळात ती शेळ्या राखते आणि लाकूडफाटा आणते. आमच्या प्रश्नात ‘छंद’ अपेक्षित होता आणि तिच्याजवळ तो नव्हता, एवढाच त्या दोन गुणांचा अर्थ.

तेव्हापासून आमच्या मनात एक प्रश्न घोळतो आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या दाराशी मुलाला जे विचारतात, त्यातून नेमके काय मोजले जाते? इतिहासात डोकावले तर उत्तर वाटते तितके सरळ नाही.

सुरुवात आपल्या शेजारच्या गावापासूनच करू. मुरबाडची एसटी कल्याणला जाते. शहापूरकर आसनगावला लोकल धरतो, त्यालाही कल्याण ओलांडावे लागते. त्या कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना म्हणजे आनंदीबाई. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, आणि ते दहा दिवसांत गेले. १८८३ च्या जून महिन्यात, वयाच्या अठराव्या वर्षी, अमेरिकेत श्रीमती कार्पेंटर यांच्या घरी बसून त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. ते पत्र म्हणजे एका परीने मुलाखतच होती, फक्त प्रश्नही त्यांचेच आणि उत्तरेही त्यांचीच. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करत नसू, हे त्या आडपडदा न ठेवता सांगतात. मग हेतू सांगतात: माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचे आहे. महाविद्यालयाने अटींकडे काणाडोळा केला, हेतूकडे पाहिले, प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही दिली.

इथे एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. ‘आमच्यासारखे राहाल का?’ असे त्या महाविद्यालयाने विचारले नाही. आनंदीबाई तिथे लुगड्यातच वावरल्या, शाकाहार पाळला. ऑक्टोबर १८८५ मधले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली अशा तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. अर्थात दार उघडणे वेगळे आणि आतले राहणे सुसह्य होणे वेगळे. थंडी आणि न मानवणारे अन्न यांनी त्यांची प्रकृती ढासळत गेली. मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला.

मग हे शिक्षण मुंबईत नव्हते का? होते. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ सालीच सुरू झाले होते, पण स्त्रियांना तिथे प्रवेश मिळू लागला तो १८८३ साली, म्हणजे आनंदीबाई बोटीने निघाल्या त्याच वर्षी. ग्रँटचे पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड. १८५१ साली पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. त्यांत भाऊ दाजी होते, पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे आत्माराम पांडुरंग होते, पारशी होते, ख्रिस्ती होते. जातिधर्मांची अशी सरमिसळ त्या काळी एका बाकावर बसलेली फार ठिकाणी दिसली नसती. पण या दाराशी एक प्रश्न होता आणि तो पक्का होता: इंग्रजी येते का? शिक्षण सगळे इंग्रजीत. ज्यांना ते जमत नव्हते त्यांच्यासाठी १८६० च्या दशकात मराठी आणि गुजराती वर्ग निघाले. त्यांतून तयार होणारे ‘हॉस्पिटल असिस्टंट’ मोफसलातल्या दवाखान्यांत जात. इंग्रजीतला डॉक्टर शहरासाठी आणि मराठीतला मदतनीस गावासाठी, ही वाटणी दारावरच्या त्या एका प्रश्नाने करून टाकली. (आपल्या तालुक्यांतल्या शिक्षकांना ही वाटणी ओळखीची वाटली तर नवल नाही.)

विसाव्या शतकात दारे वाढली. १९२१ साली असहकाराच्या लाटेत मुंबईत राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेच पुढे टोपीवाला नावाने ओळखले जाऊ लागले. १९२६ साली शेठ गोरधनदास सुंदरदास महाविद्यालय सुरू झाले, तेही अध्यापक भारतीयच असावेत या अटीवर. स्वातंत्र्यानंतर अर्जांचे ढीग आणि मोजक्या जागा असा प्रकार सुरू झाला. निवड कशी करावी? देशात काही ठिकाणी गुणांच्या जोडीला मुलाखत आली आणि तिथेच भांडणेही सुरू झाली.

ही भांडणे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तमिळनाडूतील वैद्यकीय प्रवेशांत परीक्षेच्या २०० गुणांना मुलाखतीचे ७५ गुण जोडले जात. खेळ, शारीरिक क्षमता, कल असे शीर्षक देऊन ते गुण वाटायचे. १९७० सालच्या पेरियाकरुप्पन खटल्यात न्यायालयाने त्या निवडीतले दोष दाखवून दिले. पुढे श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा खटला आला, अजय हासिया यांचा. तिथे १५० पैकी ५० गुण मुलाखतीला होते आणि एकेका उमेदवाराला दोन-तीन मिनिटे मिळत. त्या मिनिटांत काय विचारले? वडील कोण, राहता कुठे! न्यायालयाने १९८० च्या निकालात सांगितले, की मुलाखतीला १५ टक्क्यांहून जास्त वजन देणे मनमानीचे ठरेल. आमच्या सराव मुलाखतीत आम्हीही एका मुलाला सात-आठ मिनिटांहून जास्त वेळ दिला नव्हता, हे इथे कबूल केलेले बरे.

महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयांचा प्रवेश बरीच वर्षे बारावीच्या गुणांवर, नंतर सीईटीवर चालला. मुलाखतीचे वळण राहिले ते दोन खास संस्थांत. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात. दोन्हीकडचे विद्यार्थिजीवन शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे.

सेवाग्रामची महात्मा गांधी वैद्यकीय संस्था डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू केली. प्रवेश मिळाला की पहिले काही दिवस आश्रमात शिबिर. तिथे झाडलोट, सूतकताई, प्रार्थना. वर्गात खादी. शुक्रवारी सर्वधर्म प्रार्थना. मांसाहार आणि दारू नाही. प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते, विद्यार्थी तिथे मुक्काम करतात आणि प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवलेली असतात. साहजिकच प्रवेशाच्या वेळी ‘गांधीविचार’ तपासला जाई. त्याची स्वतंत्र प्रश्नपत्रिकाच होती. आता जिथे वर्गात खादी घालायची, तिथे मुलाखतीला कोणी टेरिलीनचा शर्ट घालून जाईल असे नाही. तेव्हा ऐनवेळी खादी भांडारातून घेतलेला कुडता आणि जन्मभर वापरलेला कुडता यांत फरक कसा करणार? तो प्रश्न मुलाखत घेणाऱ्यांनाही पडला असणार.

पुण्याच्या महाविद्यालयात पदवीचे विद्यार्थी १९६२ पासून घेतले जाऊ लागले. इथला विद्यार्थी ‘कॅडेट’. गणवेश, कवायत, कापलेले केस, चकाकणारे बूट, वेळेचा काटा. शिक्षणाचा भार सरकार उचलते, त्या बदल्यात सैन्यदलात नोकरीचा करार. इथे मुलाखतीच्या जोडीला कडक शारीरिक तपासणी असते. सेवाग्राम आणि पुणे, एकीकडे चरखा आणि दुसरीकडे कवायत. पण दोन्ही ठिकाणी दाराशी विचारतात एकच: तुम्ही आमच्यात राहू शकाल का? आणि दोन्ही संस्था हे लपवत नाहीत, ही आम्हांला त्यांची जमेची बाजू वाटते. मुलाला आधीच कळते, की आत गेल्यावर काय वाट्याला येणार.

महाराष्ट्राबाहेर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने ही पद्धत सर्वांत पुढे नेली होती. डॉ. आयडा स्कडर यांनी १९१८ साली मुलींसाठी सुरू केलेली ही शाळा. तिथे उमेदवार काही दिवस आवारातच राहत, त्यांना गटाने करायची कामे देत आणि कोण कसा वागतो ते पाहत. दोन मिनिटांच्या मुलाखतीपेक्षा हे नक्कीच बरे. भित्रे मूल पहिल्या दिवशी गप्प राहिले तरी दुसऱ्या दिवशी दोरी धरायला पुढे येते. पुढे देशभर ‘नीट’ आली. आपली पद्धत सोडायला लागू नये म्हणून या महाविद्यालयाने २०१७ साली एमबीबीएसला फक्त एक विद्यार्थी घेतला! २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांनाही नीट लागू असल्याचा निकाल दिला. सेवाग्रामचा प्रवेशही आता नीटवरच होतो, गांधीविचारांची प्रश्नपत्रिका गेली. पुण्याच्या सैनिकी महाविद्यालयात मात्र नीटनंतर मुलाखत आजही आहे.

मुलाखत गेली म्हणजे दाराशी माणूस उभा नाही, संगणकाची यादी आहे. वडील कोण हे यादी विचारत नाही, हा मोठाच फायदा. तोटा दोन बाजूंनी आहे. एक म्हणजे यादीतला वरचा क्रमांक मिळवायला शिकवणी लागते, आणि ती कोटा किंवा लातूरला मिळते, टोकावड्याला नाही. दुसरा तोटा कमी बोलला जातो. ‘आमच्यात कसे राहाल?’ हा प्रश्न कुठे गेला? तो नाहीसा झाला नाही. तो दारावरून उठून वसतिगृहात गेला. रात्री ज्येष्ठ विद्यार्थी नव्याला उभे करतात आणि विचारतात: नाव काय, आडनाव काय, गाव कोणते, गुण किती, कोणत्या कोट्यातून आलास? रॅगिंग म्हणजे परवानगीशिवाय घेतलेली मुलाखतच, जिच्यात गुण देणाऱ्यावर कोणाचे बंधन नसते. महाराष्ट्राने १९९९ साली त्याविरुद्ध कायदा केला. तरी २०१९ साली मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आदिवासी समाजातील डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला, जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. ठाकर, कातकरी, महादेव कोळी मुलांना शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही बातमी लांबची वाटली नाही.

तेव्हा आपल्या मुलांना आपण तयार कशासाठी करायचे? दाराशी उत्तर द्यायला आपण शिकवतोच. आत कोणत्या चालीरीती आहेत, कुठे खादी आहे, कुठे कवायत, कुठे रात्री दार ठोठावले तर कोणाला कळवायचे, हेही त्यांना आधी माहीत असायला हवे. शहरातल्या डॉक्टरांच्या घरची मुले हे जेवताना ऐकत वाढतात. आपल्या मुलांना ते शाळेतच सांगावे लागेल.

त्यानंतर सराव मुलाखतींचा क्रम आम्ही बदलला. आता खुर्चीत आम्ही बसतो आणि आधी मुले प्रश्न विचारतात. गेल्या खेपेला धसईकडच्या एका मुलाने पहिलाच प्रश्न टाकला, ‘‘सर, वर्ध्याची गाडी आसनगावला थांबत नाही, मग जायचं कसं?’’ आम्ही सांगितले, उलटे कल्याणला यायचे, तिथून गाडी धरायची, आणि मग तीच गाडी आपल्या आसनगाववरून पुढे जाते. वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, ‘‘आणि मेसमध्ये भाकरी असते का?’’ ते आम्हांला माहीत नव्हते. विचारून कळवतो म्हणालो आहोत.