मुस्लीमद्वेष : सातारा व सांगली जिल्हे

माणूस मुसलमान आहे एवढ्यावरूनच त्याच्याविषयी भीती, संशय किंवा तिरस्कार बाळगणे आणि त्याला तसे वागवणे. यासाठीची ‘इस्लामोफोबिया’ ही संज्ञा ब्रिटनमधील रनिमीड ट्रस्टच्या १९९७ च्या अहवालानंतर जगभर रुळली. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १५ मार्च हा त्याच्या विरोधाचा दिवस ठरवला. धर्माची चिकित्सा करणे म्हणजे मुस्लीमद्वेष नव्हे. हमीद दलवाई यांनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करून ती चिकित्सा केली, ती मुसलमानांना समान नागरिक मानूनच.

कृष्णाकाठच्या गावगाड्यात मुसलमान परका नव्हता. मुलाणी बलुतेदारांत गणला जाई. आतार, तांबोळी, बागवान, शिकलगार, पिंजारी ही नावे धंद्यावरून पडली आणि आडनावे म्हणून टिकली. पुष्कळ गावांत पिराचा उरूस साऱ्या गावाचा असतो. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाकडे आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांची कबरही त्याच आवारात आहे. कडेगावच्या उंच ताबुतांत हिंदू घराणी मानकरी आहेत. वाळवा तालुक्यातील गोटखिंडीत १९८० पासून गणपती मशिदीत बसतो. गणेशोत्सवाच्या दिवसांतच बकरी ईद आली, तेव्हा तेथील मुसलमानांनी कुर्बानी टाळून केवळ नमाज अदा केली.

या परंपरा खऱ्या आहेत, पण त्यांच्या आधारे ‘आमच्याकडे असले काही नाही’ असे म्हणता येत नाही. त्याच मिरजेत सप्टेंबर २००९ मध्ये, विधानसभा निवडणूक महिन्यावर आली असताना, गणेशोत्सवातील अफजलखान वधाच्या कमानीवरून दंगल झाली. विसर्जन खोळंबले, संचारबंदी लागली आणि तणाव सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत पसरला. खटाव तालुक्यातील पुसेसावळीत १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त करून जमावाने मशिदीवर हल्ला केला, दुकाने आणि वाहने जाळली. मशिदीत असलेला एक तरुण अभियंता मारला गेला. मजकूर कोणी टाकला याचा तपास पोलिसांनी करायचा आणि शिक्षा न्यायालयाने द्यायची असते. येथे ती ज्याचा त्या मजकुराशी संबंध नव्हता, अशा माणसाला मिळाली.

पूर्वग्रह ओळखण्याची खूण हीच आहे : एकाच्या कृत्याचा, किंवा साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या सरदाराचा, जाब आजच्या दुकानदाराकडे मागणे. सातारा जिल्ह्यातच असलेल्या प्रतापगडाचा इतिहास या हिशेबात बसत नाही. तेथे १६५९ मध्ये झालेल्या शिवाजी महाराज आणि अफजलखान यांच्या भेटीत खानाचा वकील कृष्णाजी भास्कर हा ब्राह्मण होता, आणि महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता.

दंगल क्वचित होते. रोजचा पूर्वग्रह मात्र सवयीत मुरतो. आडनाव ऐकताच भाड्याची खोली ‘आत्ताच गेली’ असे सांगणे, मुसलमान वस्तीला ‘मिनी पाकिस्तान’ म्हणणे, क्रिकेटच्या सामन्यानंतर निष्ठेची परीक्षा घेणे, ‘त्यांच्याकडून फळे घेऊ नका’ असा संदेश मोबाइलवरच्या गटात पुढे ढकलणे. ‘तुम्ही मुसलमान वाटत नाही’ हे तर कौतुक म्हणून बोलले जाते. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून आपल्या साऱ्या गोतावळ्याविषयी बोलणाऱ्याचे मत कळते.

प्रतिकाराची सुरुवात बहुधा अशा गटातच करावी लागते. संदेश टाकणाऱ्याला ‘हे कुठले, कधीचे, तुला कोणी सांगितले?’ असे विचारणे, आणि ते मुसलमान सदस्यावर न सोडता इतरांनी विचारणे महत्त्वाचे; कारण त्याने विचारले की तोच आरोपी ठरतो. मजकूर चिथावणीखोर असेल तर त्याचे पडद्यावरील चित्र (स्क्रीनशॉट), वेळ आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक जपून पोलिसांकडे द्यावा. धर्माच्या आधारे वैर पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. तक्रार आली नाही तरी अशा भाषणांबद्दल पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना दिला. महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मुख्यतः जातपंचायती समोर ठेवून केलेला आहे. त्यामुळे एका धर्माच्या दुकानदारांवर इतरांनी घातलेल्या बहिष्काराविरुद्ध चिथावणीचीच कलमे वापरावी लागतात, आणि त्यासाठी कोणीतरी ठाण्यात जाऊन जबाब द्यावा लागतो.