खताला हवा कोण देणार? इंदूर, बंगलोर आणि पुसदची गोष्ट



उन्हाळ्यात शेणखत शेतात टाकायची घाई असते. आपण उकिरडा उकरतो, ट्रॉली भरतो आणि नेऊन पसरतो. पण भरताना ढिगाकडे जरा नीट बघा. वरचं दीड-दोन फूट खत काळं, भुसभुशीत असतं. त्याखाली मात्र शेण जसंच्या तसं, हिरवट, चिकट आणि घाण वासाचं. एकाच दिवशी टाकलेलं शेण वर कुजलं, खाली का नाही? कारण खाली हवा पोचली नाही.

ही गोष्ट मोजमाप करून मांडली गेली ती आपल्या शेजारी, इंदुरात. होळकरांच्या राज्यात १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू केली. त्याआधी ते बिहारमधल्या पुसा इथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. इंदुरात त्यांच्यासोबत यशवंत वाड होते. या दोघांच्या नावाने १९३१ साली ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अॅग्रिकल्चर’ हे पुस्तक आलं आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली.

माळव्यातला कच्चा माल आपल्यासारखाच होता: पऱ्हाट्या, तुराट्या, पालापाचोळा, शेण. टणक पऱ्हाट्या ते शेतरस्त्यावर पसरून ठेवत, म्हणजे गाड्यांच्या चाकाखाली त्या आपोआप चिरडत. मग काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात भरायचे. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद, पण खोल फक्त २ फूट! पंधरा दिवसांनी पहिली पलटी, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. तीन महिन्यांत खत तयार.

खड्डा इतका उथळ का? हॉवर्डनी १९४० च्या पुस्तकात कारण दिलंय. कुजणाऱ्या ढिगात हवा वरून १८ ते २४ इंचच आत जाते. म्हणून ३ फूट थर करायचा असेल तर भरतानाच दर चार फुटांवर पहारीने उभी भोकं ठेवा, असं ते सांगतात. आपल्या उकिरड्यात वरचं दीड-दोन फूटच का कुजतं, याचं उत्तर इथेच मिळतं.

हवा मिळाली की जिवाणू जोमाने कामाला लागतात आणि ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. त्या उष्णतेत बरंचसं तणाचं बी आणि रोगजंतू मरतात. पलटी दिल्यावर कडेचा थंड माल आत जातो, म्हणजे सगळ्याला ती धग मिळते. हवा नसेल तर कुजणं चालतं, पण संथ. आंबूस वास येतो, आम्लं तयार होतात, कोवळ्या मुळांना त्रास होतो. आणि असं अर्धकच्चं शेण शेतात गेलं की तण आणि हुमणी दोन्ही सोबत येतात.

मग सगळ्यांनी इंदूर पद्धत का नाही धरली? मजुरी! तीन वेळा खड्डा उलथायचा म्हणजे माणसं लागतात. शिवाय गरम ढीग उलथताना डोळ्याला झोंबणारा वास येतो, तो अमोनिया. म्हणजे आपलं नत्र हवेत चाललंय.

१९३९ च्या सुमारास बंगलोरला सी. एन. आचार्य यांनी उलट वाट धरली. शहरातला कचरा आणि मैला चरात थराथराने भरायचा, वरून माती-चिखलाने झाकायचा आणि उलथायचंच नाही. पहिले आठ-दहा दिवस आतली हवा पुरते, पुढचं कुजणं हवेविना. मेहनत वाचली, माश्या कमी झाल्या, नत्रही बऱ्यापैकी टिकलं. किंमत मोजली ती वेळेची: सहा ते आठ महिने.

तिसरं उत्तर आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं. पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, म्हणजे नाडेप काका. त्यांनी पलटीचं काम भिंतीला दिलं. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच विटांचं टाकं, आणि चारही भिंतींना भोकं. आत साधारण १४०० ते १५०० किलो काडीकचरा, १७५० किलो चाळलेली माती आणि शेण फक्त ९० ते १०० किलो! वरून शेणमातीने लिंपायचं, ओल राखायची. तीन-चार महिन्यांत खत. ज्याच्याकडे एकच गाय आहे, त्यालाही हे जमतं.

तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की मला एकच दिसतं. प्रश्न तिघांचा सारखाच होता: हवा द्यायची, तर तिची किंमत कशात मोजायची? इंदूरने मजुरीत मोजली, बंगलोरने वेळेत, पुसदने विटांत. आपला उकिरडा मात्र काहीच मोजत नाही, म्हणून तो कच्चं खत देतो.

आज गोठ्यात जनावरं कमी, विकतचं शेण महाग आणि मजूर मिळत नाही. म्हणून माझा हिशेब असा. ढीग उंच करू नका, लांब करा. नुसतं शेण रचू नका. सोयाबीनचं कुटार, पाचट, बारीक केलेल्या पऱ्हाट्या मिसळा. त्याने आत पोकळी राहते आणि नत्रही धरून ठेवलं जातं. ओल इतकीच, की मूठ दाबली तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. पाणी साचलं की हवेची जागा गेली. ट्रॅक्टरचा लोडर मिळत असेल तर दोन-तीन पलट्या द्या. नसेल तर रचतानाच पहारीने भोकं ठेवा, नाहीतर नाडेप बांधा. पण सतत उलथत बसू नका. ढीग थंड पडायला लागला की पलटी, हे माप पुरेसं आहे.

तुमच्याकडे यातली कोणती पद्धत चालते? टाकं बांधून रिकामं पडलं असेल तर तेही कारणासकट लिहा. कारण कळलं तर पुढच्या शेतकऱ्याचा खर्च वाचेल.